परीक्षक ऐकतात ते गाणं आणि आपण ऐकतो ते

गाण्याच्या रिअॅलिटी शोचा निकाल लागला की तासाभरात एक वाक्य फिरायला लागतंच: "सगळं आधीच ठरलेलं असतं." आपला आवडता स्पर्धक बाहेर पडला असेल तर जरा जास्तच जोरात. हे वाक्य मी इथे बाजूला ठेवणार आहे. फिक्सिंग होत असेल तर ते शोधणं पत्रकारांचं काम. आपण उलट धरून चालू, की परीक्षक प्रामाणिक आहेत, मतं नीट मोजली जातात, कुणी कुणाचा भाचा नाही. तरी सर्वांत चांगला गाणारा पहिला येईल का? येईलच असं नाही. आणि त्याची कारणं शोधायला मायक्रोफोनपासून तुमच्या टीव्हीपर्यंत आवाज कसा पोचतो तिथून सुरुवात करायला हवी.

आधी सूर म्हणजे काय ते पक्कं करू. स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा उघडतात-मिटतात ती वारंवारता, हर्ट्झमध्ये मोजायची. ती दुप्पट झाली की वरचं सप्तक. एका सप्तकाचे समान गुणोत्तराने १२ भाग केले की एक अर्धस्वर, आणि अर्धस्वराचे तसेच १०० भाग केले की एक 'सेंट'. २२० हर्ट्झच्या जागी २२५ लागला तर चूक साधारण ३९ सेंटांची होते. म्हणजे अर्ध्या अर्धस्वराच्याही आत. जाणकार म्हणतील, सूर जरा चढा लागला. बाकीच्यांना काहीतरी खटकेल, पण काय ते सांगता येणार नाही.

(हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर: 'सा' ४३२ हर्ट्झवर लावला की पेशी दुरुस्त होतात, मन विश्वाशी जुळतं, वगैरे व्हिडिओ तुमच्याकडेही आले असतील. हर्ट्झ म्हणजे 'दर सेकंदाला इतक्या वेळा', आणि सेकंद हे माणसांनी सोयीसाठी ठरवलेलं माप आहे. सेकंदाची लांबी वेगळी ठरली असती तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता. पाश्चात्त्य वाद्यं ज्या 'ए' स्वरावर जुळवतात त्याचा ४४० हा आकडाही १९३९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत वाद्यं जुळावीत म्हणून ठरला. त्यात विष नाही आणि ४३२ मध्ये अमृत नाही.)

गळ्याच्या बाबतीत आपला कान फार उदार असतो. तयार गायकाच्या लांबवलेल्या स्वरात सेकंदाला पाच ते सात वेळा कंप असतो, आणि त्यात स्वर सहज पन्नासेक सेंट वर-खाली जातो. तरी आपल्याला ऐकू येतो तो एकच स्वर, त्या हेलकाव्यांच्या सरासरीजवळचा. शॉन हचिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत दिसलं, की जेवढ्या चुकीला श्रोते व्हायोलिनवर बेसूर म्हणतात, तेवढीच चूक मानवी आवाजात खपवून घेतात. थोडक्यात, परीक्षकाचा कान कितीही तयार असो, सुरेल आणि कणसूर यांच्यामधली रेघ मुळातच जाड आहे.

संगणकाच्या बाबतीत ही रेघ बारीक असते. आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण आवाजातला सूर शोधण्याची युक्ती मला माहीत असलेल्या गणिती युक्त्यांपैकी सर्वांत देखणी आहे.

अँडी हिल्डेब्रँड हा अभियंता तेलाच्या शोधासाठी जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांचे परतलेले पडसाद वाचण्याच्या धंद्यात होता. १९९७ मध्ये त्याने 'ऑटो-ट्यून' हे गायकाचा चुकलेला सूर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. गळ्यातून येणारा स्वर म्हणजे एकच आकार पुन्हा पुन्हा येणं. टीव्हीच्या ध्वनीत सेकंदाला साधारण ४८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे तितक्या वेळा हवेच्या दाबाचा आकडा टिपला जातो. गायक २२० हर्ट्झवर असेल तर दर २१८ आकड्यांनी तोच आकार परत येतो. २२५ वर असेल तर दर २१३ आकड्यांनी. ती सगळी ३९ सेंटांची चूक जेमतेम पाच नमुन्यांत मावते!

आता ही संख्या शोधायची कशी? एक लांबी धरा, समजा २१३. आवाजाचे शेवटचे २१३ आकडे घ्या, त्यांच्या लगेच आधीचे २१३ घ्या, आणि जोडीजोडीने वजाबाकी करा. दोन्ही तुकडे हुबेहूब असतील तर प्रत्येक वजाबाकी शून्य. उणे-अधिक एकमेकांना खाऊ नयेत म्हणून वजाबाक्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. जिथे ही बेरीज शून्याजवळ येते ती स्वराची लांबी. पण हेच २१२, २१४, २१५ अशा प्रत्येक लांबीसाठी, आणि प्रत्येक नवा आकडा आल्यावर, म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा करायचं. त्या काळच्या संगणकाचा यात जीव गेला असता.

सुटका केली ती शाळेतल्या सूत्राने. (अ − ब)² = अ² + ब² − २अब. बेरजेचेही तसेच दोन भाग पडतात: वर्गांची एक बेरीज, ती आवाजाची ऊर्जा, आणि गुणाकारांची एक बेरीज, ती दोन तुकड्यांची जुळणी. ऊर्जा वजा जुळणीची दुप्पट, एवढंच बघायचं. आणि नवा आकडा आला की दोन्ही बेरजा पहिल्यापासून करायच्या नाहीत. नव्या आकड्याची भर घालायची, तुलनेच्या तुकड्यांबाहेर गेलेल्या आकड्याची वजावट करायची. प्रत्येक लांबीमागे शेकडो गुणाकारांचं काम चार गुणाकारांवर आलं, आणि गायक गाताना, तत्काळ, त्याचा सूर यंत्राला कळायला लागला.

अडचणी आहेतच. २१३ वर आकार जुळतो तर ४२६ वरही जुळणार, मग यंत्राला वाटू शकतं की गायक खालच्या सप्तकात आहे; म्हणून जुळणाऱ्या लांब्यांपैकी सर्वांत लहान घ्यायची. 'स' आणि 'श' मध्ये आकार परत येतच नाही, तिथे यंत्राने गप्प बसायचं. शिवाय तुलनेला सलग दोन आवर्तनं हवीत: १०० हर्ट्झच्या खर्जासाठी २० मिलिसेकंद, ४०० हर्ट्झसाठी फक्त ५. त्यामुळे खर्जातला सूर यंत्राला उशिरा उमगतो.

सूर सापडल्यावर दुरुस्ती सोपी. २१३ ची आवर्तनं ताणून २१८ ची करायची. किती झटपट ताणायची हे एका कळीवर, म्हणजे बटणावर, असतं. लगेच ताणली तर आवाज यंत्रमानवासारखा होतो, तो आपण सगळे ओळखतो. पण थोडी सवड देऊन ताणली तर कंप टिकतो, श्वास टिकतो, फक्त स्वराची बैठक गुपचूप जागेवर सरकते. अशी दुरुस्ती ओळखू येत नाही. 'मला ऑटो-ट्यून लगेच कळतं' म्हणणाऱ्यांना फक्त वाईट केलेलं ऑटो-ट्यून कळत असतं.

स्पर्धेच्या हिशेबाने आता बघा. समजा पाच स्पर्धकांची सुरातली सरासरी चूक ८, १५, २५, ४० आणि ६० सेंट आहे. दुरुस्तीनंतर सगळे दहाच्या आत. पहिल्याने वर्षानुवर्षं तानपुऱ्यावर सूर घोटला, त्याच्या पदरात काही पडलं नाही. पाचव्याला सगळं फुकट मिळालं. गुणांच्या एका रकान्यात सगळ्यांना जवळजवळ सारखे गुण पडले की निकाल उरलेल्या रकान्यांवर लागतो: चेहरा, कपडे, घरच्या परिस्थितीची चित्रफीत. यात कुणी अप्रामाणिक असण्याची गरज नाही.

त्याहून वाईट म्हणजे यंत्राला 'बरोबर सूर' म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं, आणि साधारणपणे सांगितले जातात ते कीबोर्डचे १२ स्वर. गंधारावरून पंचमावर न तुटता सरकत जाणारी मींड त्याला रस्त्यातल्या चुकांची रांग दिसते. कळ जरा झटपट ताणण्याकडे असेल तर तो घसारा पायऱ्या-पायऱ्यांचा होतो. दरबारी रागातला आंदोलित कोमल गंधार कीबोर्डच्या पट्टीपेक्षा खालीच झुलायला हवा. यंत्र त्याला उचलून सरळ करतं. जितकी बारीक गायकी तितकी तिची 'दुरुस्ती' जास्त.

हे काल्पनिक नाही. ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर' या गाण्याच्या शोमध्ये २०१० साली निवड फेरीतल्या आवाजांवर अशी प्रक्रिया केल्याचं प्रेक्षकांनी पकडलं, गदारोळ झाला आणि पुढे ती बंद केली. तेव्हा खुलासा असा होता, की परीक्षकांनी निर्णय जागेवर ऐकूनच दिले होते, प्रक्रिया नंतर झाली. माझ्या मते गोची नेमकी तीच. परीक्षकांनी एक गाणं ऐकलं, प्रेक्षकांनी दुसरं, आणि कानात स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर घालून उभ्या गायकाने तिसरं. दुरुस्ती अजिबात नसली तरी प्रसारणासाठी आवाजाचा चढ-उतार दाबलेला असतो, वर घुमारा चढवलेला असतो. हळू आवाजात सूर धरून ठेवणं फार कठीण. पण घरी पोचेपर्यंत हळू आणि मोठा यांतलं अंतरच कमी झालेलं असतं. मग ज्यांचे निकाल आपल्याला पटत नाहीत, त्यांनी आपण ऐकलेलं गाणं ऐकलेलंच नसतं.

आवाजाची वाट सोडून आता डोळ्यांकडे येऊ. २०१३ मध्ये चिया-जंग त्साय यांनी संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तिघांच्या छोट्या चित्रफिती लोकांना देऊन विजेता ओळखायला सांगितला. फक्त आवाज ऐकणाऱ्यांची उत्तरं नुसत्या अंदाजाच्या पुढे गेली नाहीत. आवाज बंद करून नुसतं चित्र पाहणाऱ्यांनी जवळजवळ निम्म्या वेळा बरोबर ओळखलं, आणि यात पेशेवर संगीतकारही होते. हा प्रयोग फार गाजला, पण तो सांगताना पुढचा भाग बहुतेक गाळला जातो. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने तो पुन्हा केला. त्याच फितींवर तोच निकाल आला, पण फिती बदलल्यावर तो तसा टिकला नाही. त्यामुळे 'लोक कानांनी नाही, डोळ्यांनी गाणं ऐकतात' एवढं मोठं विधान करू नये. परीक्षकांच्या खुर्च्या पाठमोऱ्या ठेवून पहिली फेरी घेण्याची 'द व्हॉइस' या गाण्याच्या शोची पद्धत मात्र मला आवडते. दुर्दैवाने पुढच्या फेऱ्यांत खुर्च्या सरळच असतात.

प्रेक्षकांच्या मतांबद्दल फार लिहीत नाही. एकाच माणसाला अनेक मतं देता येत असतील तर मोजली जाते ती चाहत्यांची चिकाटी. आणि एकाच ढंगाचे दोन चांगले गायक असतील तर ते एकमेकांची मतं खातात, तिसरा पुढे जातो. निवडणुकांत हे आपण नेहमी बघतो.

क्रमाचं काय? 'आयडॉल' मालिकेच्या अनेक देशांतल्या भागांची आकडेवारी लायोनेल आणि केटी पेज यांनी २०१० मध्ये तपासली. त्यात उशिरा गाणाऱ्याची पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता जास्त निघाली. 'शेवटचं ते लक्षात राहतं' हे सोपं स्पष्टीकरण इथे पुरत नाही. कारण वांडी ब्रुइन दे ब्रुइन यांना युरोव्हिजन ही युरोपातली गाण्याची स्पर्धा आणि फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावरचं नृत्यासारखं स्केटिंग, यांच्या गुणांमध्ये तोच कल दिसला होता, आणि स्केटिंगमध्ये गुण प्रत्येक सादरीकरणानंतर लगेच दिले जातात. विसरायला वेळच नसतो. त्यांनी सुचवलेलं कारण असं: आपण नव्याची तुलना मागच्यांशी करतो, नव्यात काय वेगळं आहे ते शोधतो, आणि ते सापडलं की दाद देतो. पहिल्याला मागचं कुणीच नसतं. अनेक शोमध्ये हा क्रम निर्माते ठरवतात, हे इथे लक्षात घ्या.

यातली सर्वांत स्वच्छ नोंद मात्र टीव्हीवरच्या गायकांची नाही, पियानोवादकांची आहे. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या अंतिम फेरीत १२ वादक, रोज संध्याकाळी दोघं, सहा दिवस वाजवत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरे. सुरावर फिरणारं सॉफ्टवेअर नाही, प्रेक्षकांची मतं नाहीत, परीक्षक जगातले नामांकित. तरी व्हिक्टर गिन्सबर्ग आणि सहकाऱ्याने १९९६ मध्ये दाखवलं, की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे क्रमांक खालचे लागतात आणि उशिरा वाजवणाऱ्यांचे वरचे. एक कारण असं असावं, की सगळ्यांना वाजवावी लागणारी नवी रचना पहिल्या दिवशी परीक्षकही पहिल्यांदाच ऐकत असतात. पुढे २००३ मध्ये गिन्सबर्ग आणि यान फान ओर्स यांनी याच चिठ्ठ्यांचा उपयोग करून पाहिलं, की क्रमांकाचा पुढच्या कारकिर्दीवर काय परिणाम होतो. चिठ्ठीचा प्रतिभेशी काही संबंध नसतो, म्हणून तिच्यामुळे मिळालेला वरचा क्रमांक गुणवत्तेपासून वेगळा काढता येतो. उत्तर स्पष्ट आलं: वरच्या क्रमांकाने, वादक खरोखर कितीही चांगला असो वा नसो, त्याची ध्वनिमुद्रणं वाढली आणि समीक्षकांचं मतही सुधारलं.