पहिलीच नोकरी, तीही परदेशात: फ्रेशरसाठी दार कसे उघडत गेले

पदवी नुकतीच हातात पडलेली, अनुभव शून्य, आणि पहिलीच नोकरी परदेशात सॉफ्टवेअर इंजिनिअरची. आज हे इतके सर्रास घडते की त्यासाठी कोणीतरी मुद्दाम वाट आखून दिली असावी असे वाटते. तसे काही झालेले नाही. व्हिसाचे कायदे बहुतेक वेळा मुरलेल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले, आणि फ्रेशर त्यातल्या फटींमधून आत येत राहिले.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात एच-१ हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा होता. तो मिळवायला माणूस आपल्या क्षेत्रात नावाजलेला लागे, आणि ज्या कामासाठी त्याला बोलवायचे ते कामही तात्पुरतेच लागे. ही दुसरी अट १९७० मध्ये गेली. १९९० च्या कायद्याने एच-१बी हा वेगळा वर्ग केला आणि निकषच बदलला: ज्या कामाला त्या विषयातली किमान पदवी लागते, असे काम. अनुभवाची अट नाही, नावलौकिकाची तर नाहीच. कायदा करणाऱ्यांनी बावीस वर्षांच्या प्रोग्रामरचा विचार केला असेल असे मला वाटत नाही, पण कागदोपत्री तोही आता पात्र ठरला. वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादाही याच कायद्यातली.

त्याआधीची वाट म्हणजे 'ऑनसाइट'. सत्तरच्या दशकात भारतात संगणक आयात करायचा तर परकीय चलन लागे, आणि ते कमवायचा एक मार्ग सॉफ्टवेअर निर्यातीचा होता. टीसीएसने १९७४ मध्ये बरोज या अमेरिकी कंपनीबरोबर असे काम सुरू केले. सॉफ्टवेअर निर्यात म्हणजे बऱ्याचदा प्रोग्रामरलाच विमानात बसवणे. पण याला परदेशातली नोकरी म्हणायचे का? नाव एका कंपनीच्या पटावर, खुर्ची ग्राहकाच्या ऑफिसातली, आणि प्रोजेक्ट संपला की परत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोन लाटा एकदमच आल्या. एकीकडे वायटूके, म्हणजे साल दोनच अंकांत साठवणारा, कोबोल या जुन्या संगणकीय भाषेतला कोड तपासून दुरुस्त करायचे अवाढव्य काम. दुसरीकडे डॉटकॉमची, म्हणजे इंटरनेट कंपन्यांची, तेजी. अमेरिकेने एच-१बीची मर्यादा आधी १,१५,००० आणि मग २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,००० केली. चर्चा या आकड्यांचीच होते, पण नवख्यांच्या दृष्टीने त्याच कायद्यांतली दोन कलमे जास्त मोलाची होती. १९९८ च्या कायद्याने सांगितले की प्रोजेक्ट नाही म्हणून माणसाला बेंचवर बसवले तरी पगार द्यावाच लागेल. २००० च्या कायद्याने नव्या मालकाने अर्ज दाखल करताच नोकरी बदलायची मुभा दिली. तोवर मंजुरी हातात येईपर्यंत जुन्याच जागी थांबावे लागे. पहिल्या नोकरीत घासाघीस करायची ताकद नसलेल्या माणसाला ही दोन कलमे काय देऊन गेली, हे बेंचवर बसलेल्यालाच कळेल. डॉटकॉमचा फुगा फुटला आणि २००४ साली मर्यादा परत ६५,००० वर आली.

युरोपातला पहिला मोठा प्रयोग जर्मनीचा. फेब्रुवारी २००० मध्ये हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी आयटीवाल्यांसाठी 'ग्रीन कार्ड' जाहीर केले आणि १ ऑगस्टपासून योजना सुरू झाली. कमाल २०,००० परवाने. अट अशी की आयटीतली पदवी हवी, नाहीतर वर्षाला किमान १,००,००० मार्क पगार. म्हणजे पदवी असली तर फ्रेशरलाही मज्जाव नव्हता. विरोध लगेच झाला. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे उमेदवार युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचाराला 'भारतीयांऐवजी आपली मुले' अशा अर्थाची घोषणा चिकटली. ते निवडणूक हरले. योजनेची खरी अडचण वेगळीच होती. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि पुढे काय याचे उत्तर त्यात नव्हते. ज्याला आयुष्य आत्ता कुठे सुरू करायचे आहे, त्याने मुदत ठरलेल्या देशात भाषा शिकून बस्तान का बसवावे? वीस हजारांचा आकडा पुरता गाठलाही गेला नाही.

फ्रेशरसाठी उघडपणे सवलत ठेवणारे देश मोजकेच. नेदरलँड्सने २००४ च्या कुशल स्थलांतरितांच्या योजनेत तीस वर्षांखालच्यांसाठी पगाराची अट मुळातच कमी ठेवली. २०२४ मध्ये ती तिशीपुढच्यांना महिना ५,३३१ युरो, तर तिशीखालच्यांना ३,९०९ युरो होती. जर्मनीनेही नोव्हेंबर २०२३ पासून युरोपियन ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या काम-परवान्यासाठी, तशीच तजवीज केली: पदवी मिळून तीन वर्षे झाली नसतील तर पगाराची कमी मर्यादा लागू.

अमेरिकेत मात्र फ्रेशरचे दार विद्यापीठातून उघडत गेले. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांना पदवीनंतर बारा महिने काम करू देणारी ओपीटी १९९२ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २००८ मध्ये आणखी १७ महिने मिळाले, २०१६ मध्ये ते २४ झाले. एकूण तीन वर्षे. शिवाय डिसेंबर २००४ च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठातल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० एच-१बी वेगळे ठेवले. फ्रेशरची एमएसला जाण्याची धडपड ज्ञानाच्या ओढीइतकीच या हिशोबातूनही येते, हे कोणी फारसे बोलून दाखवत नाही. तीन वर्षे हातात असली की एच-१बीच्या लॉटरीत, म्हणजे अर्ज मर्यादेपेक्षा जास्त आले की निघणाऱ्या सोडतीत, नाव घालायची संधी एकाहून जास्त वेळा मिळते.

कारण लॉटरी आता टळत नाही. २००७ च्या एप्रिलमध्ये अर्ज घ्यायला सुरुवात होताच दोन दिवसांत मर्यादेपेक्षा जास्त अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. पूर्वी लॉटरीआधीच वकील लावून पूर्ण अर्ज भरावा लागे. २०२० पासून आधी फक्त ऑनलाइन नोंदणी पुरू लागली, तीही तेव्हा १० डॉलरची, आणि त्याच स्वस्ताईमुळे एकाच माणसाची नोंदणी अनेक कंपन्यांकडून होऊ लागली. २०२३ मध्ये नोंदण्या साडेसात लाखांवर गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा एकाहून अधिक नोंदण्या असलेल्यांच्या. २०२४ पासून नोंदण्या कितीही असोत, सोडतीत माणूस एकदाच मोजला जाऊ लागला. नंबर लागला तरी निश्चिंती नाही: नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. २०१७ च्या आधी तेवढीही हक्काची मुदत नव्हती. २०२२-२३ च्या कपातीत हे साठ दिवस नव्या लोकांनी बोटांवर मोजले.

१९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर आकारले. एवढी रक्कम फ्रेशरसाठी कोण मोजणार? अमेरिकेतच शिकून तिथेच व्हिसा बदलणाऱ्यांना मात्र ती लागू नाही, असा खुलासा पुढच्याच महिन्यात आला. म्हणजे दार पुन्हा विद्यापीठाचेच. पण डिसेंबरमध्ये ठरलेल्या नियमाने तिथेही पेच टाकला. २००४ च्या कायद्याने पगाराच्या चार पातळ्या केल्या होत्या. पहिली पातळी नवख्यांची. २०२६ च्या सोडतीपासून चौथ्या पातळीच्या उमेदवाराचे नाव चार वेळा धरायचे आणि पहिल्या पातळीच्या उमेदवाराचे एकदाच.