मुक्या माराचा पहिला दिवस

पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की घरातून दोन सल्ले हमखास येतात: तेल लावून चोळ, नाहीतर गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. दोन्ही मायेपोटी दिलेले असतात आणि पहिल्या दिवशी दोन्ही उलटे पडतात. मुक्या मारात वरची कातडी शाबूत असते, पण खालच्या अतिशय बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात आणि त्यांतून रक्त झिरपत असतं. शेकल्यानं त्या रुंदावतात. चोळल्यानं नुकत्याच धरू लागलेल्या गुठळ्या हलतात. मग रक्त आणखी पसरतं आणि रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो.

त्यामुळे पहिल्या दिवशी एकच काम महत्त्वाचं, ते म्हणजे झिरपणं कमी करणं. बर्फ सुती फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरावा आणि तास-दोन तासांनी पुन्हा. थेट कातडीवर लावू नये, कातडी भाजल्यासारखी होते. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टीही चालते. हात किंवा पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवला तर तिथला रक्ताचा दाब उतरतो. पोराच्या कपाळावर टेंगूळ आलं की काही घरांत गार स्टीलची वाटी हलकेच दाबून धरतात. हा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात गारवा आणि दाब दोन्ही साधतात.

पण बर्फही किती दिवस लावावा याला मर्यादा आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हा चौपदरी उपाय १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी लोकप्रिय केला. २०१४ मध्ये त्यांनीच आपलं मत बदललं: बर्फानं दुखणं कमी होतं, पण सुजेबरोबर ज्या पेशी दुरुस्तीला येतात त्यांनाही तो अडवतो, त्यामुळे बरं व्हायला उशीर लागू शकतो. म्हणून बर्फ सुरुवातीपुरता ठेवावा, आठवडाभर लावत बसू नये.

त्यानंतरची साफसफाई शरीर स्वतःच करतं, आणि ती आपल्याला बाहेरून बघता येते. सुरुवातीला डाग लालसर असतो. मग तो निळा-जांभळा होतो. खोलवरच्या रक्तात प्रकाशाचा लाल भाग शोषला जातो आणि निळा भाग कातडीतून विखरून परत येतो, म्हणून लाल रक्त बाहेरून निळं दिसतं. पुढे भक्षक पेशी तांबड्या पेशी गिळून हिमोग्लोबिन मोडू लागतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य तयार होतं आणि त्याचंच पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. काविळीत डोळे पिवळे करणारं द्रव्य ते हेच. सुटलेलं लोह काही काळ तिथेच साठून राहिलं तर शेवटी तपकिरी छटा उरते. गोऱ्या कातडीवर हे रंग स्पष्ट दिसतात, सावळ्या कातडीवर नुसता काळसर डाग दिसतो. साधारण दोन आठवड्यांत हे सगळं उरकतं. कपाळावर मार लागला तर दुसऱ्या दिवशी रक्त खाली ओघळून डोळ्याभोवती काळंनिळं होतं, म्हणजे मार वाढला असं नव्हे.

आता आंबेहळद. ही स्वयंपाकातली हळद नव्हे, तिच्याच कुळातली कैरीच्या वासाची वेगळी वनस्पती. ती सहाणेवर उगाळून, तुरटीची पूड घालून, कोमट करून लेप लावायची आपली जुनी रीत आहे. लेप लावला की माणूस तो अवयव हलवत नाही आणि दोन दिवसांनंतरच्या उबेनं रक्ताभिसरण वाढून साफसफाईला मदत होते. एवढं श्रेय त्याला नक्की द्यावं. तुरटी उघड्या जखमेचं रक्त थांबवते, दाढी करताना कापलं की ते दिसतं, पण अखंड कातडीखालच्या वाहिनीपर्यंत ती पोचत नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दाह कमी करतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि कातडी ओलांडून फारसं खोल जात नाही.

इथे हळदीच्या पेटंटचा दाखला हमखास दिला जातो. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. मूळ गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्या संस्थेनं पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा असाच तो विजय आहे. पण तिथे वाद होता तो हे ज्ञान आधीपासून आपल्याकडे होतं का, याचा. हळद किती गुणकारी आहे हे तिथे ठरलं नाही, आणि मुक्या माराचा तर प्रश्नच नव्हता.

दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल घ्यावी. मनानं अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, कारण ती रक्तबिंबिकांना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सना, एकत्र येऊ देत नाही आणि हा परिणाम आठवडाभर टिकतो. हृदयविकारासाठी ती चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका.

मार न लागता डाग उठत असतील, सोबत हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर लेपात वेळ घालवू नये. पावसाळ्यात तापाबरोबर असं झालं तर डेंग्यूची शंका घेऊन लगेच रक्त तपासावं. अजून चालायलाही न लागलेल्या बाळाच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले तर ते आपोआप होत नाहीत, डॉक्टरांना दाखवायलाच हवेत. डोळ्यांना मार न लागता डोक्यावर आपटल्यानंतर दोन्ही डोळ्यांभोवती काळं झालं, तर कवटीला इजा असू शकते. आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा डोक्यावर पडले, तर टेंगूळ लहान दिसलं तरी त्यांना तडक दवाखान्यात न्यावं.