अलिबागला पाहुणे घेऊन जाताय? गाडीच्या आधी तिथी बघा

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी लागली की आमचा फोन एकाच कारणाने वाजतो. "दादा, नागपूरहून नणंद आलीये, तिच्या मुलांनी समुद्र बघितलेलाच नाहीये, रविवारी अलिबाग करायचंय, किल्ला पण दाखवायचाय, सतरा सीटर आहे का?" गाडी असते हो. पण आम्ही उलट विचारतो त्या दिवशी तिथी कोणती, तर समोरचा माणूस गप्पच होतो, एका काकूंनी तर विचारलं होतं की तुम्ही गाडी देता का मुहूर्त काढता. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे हे सगळ्यांना माहितीये, चालत जाता येतं हे पण माहितीये. पण चालत फक्त ओहोटीला जाता येतं, आणि ओहोटी रोज एकाच वेळी येत नाही, रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. लोक काय करतात, शेजारचे गेल्या महिन्यात अकरा वाजता चालत गेले होते ना, मग आपण पण अकराला पोचू. तिथेच सगळा घोळ होतो.

मागच्या सीझनची गोष्ट सांगतो. भांडुपची फॅमिली, तेरा जण, त्यात इंदूरचे मामा-मामी आणि त्यांची आई. चतुर्थी होती, ओहोटी सव्वानऊच्या आसपास, आम्ही म्हटलं पहाटे साडेचारला गाडी लावतो. नको म्हणाले, पाहुणे रात्रीच्या गाडीने आलेत, आरामात साडेसातला निघू. आता पाहुण्यांच्या घरात तेरा माणसांच्या आंघोळी, चहा, परत चहा, डबे, निघायलाच सव्वाआठ झाले, त्यात रस्त्यातल्या वडखळ नाक्याला ट्रॅफिक. किनाऱ्यावर उभे राहिले तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले, पाणी चढत होतं, आजींना नेणं शक्यच नव्हतं. आजी वाळूत खुर्ची टाकून बसल्या आणि लांबून हात जोडले आतल्या गणपतीला. आणि बोलणी कोणाला? आमच्या ड्रायव्हरला.

घरच्या घरी हिशोब करायचा असेल तर कोळीवाड्यात विचारा, कोणीही सांगेल: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, पावणेचारला भरती, पहाटे पण आणि दुपारी पण. त्यात सहा तास मिळवले की साधारण दहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून आम्ही यावर गाडी सोडत नाही, छापील टाइमटेबल बघूनच वेळ देतो. ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर पायजे आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात परत फिरायचं, आत सेल्फीत रमायचं नाही.

आता यात पण एक गंमत आहे. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते, लोकांना वाटतं वा, झोप पण झाली आणि किल्ला पण. पण अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर, पाणी पूर्ण मागे जातच नाही, चालायचं म्हटलं तर पाण्यातूनच, नाहीतर घोडागाडी करायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी मस्त लांब जातं पण सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे एक दिवसाच्या ट्रिपला उपयोग नाही, मुक्काम करणाऱ्यांनीच बघावं. आमच्या मते तृतीया ते षष्ठी सगळ्यात बेस्ट, नाहीतर द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन-चारची ओहोटी, ज्यांच्याकडे उशिरा उठणारी मंडळी आहेत त्यांनी ही घ्यावी.

पहाटेची गाडी म्हटलं की लोकांना वाटतं आम्हाला दुसरी ट्रिप मारायचीये. तसं नाहीये, चारला ड्रायव्हर उठतो तेव्हा आमची पण झोप मोडते. पण आत गेलेल्या पाहुण्याचा चेहरा बघा एकदा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याची विहीर, गणपतीचं देऊळ, १८४९ साल कोरलेल्या दोन विलायती तोफा, आणि याच किल्ल्यावरून कान्होजी आंग्रे आरमार चालवायचे म्हटलं की नागपूरची पोरं पण मोबाईल खिशात ठेवतात. कान्होजींची समाधी गावातच आहे, येताना दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाही.

ज्यांना वडखळ नकोच त्यांच्यासाठी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट, गाडीसकट अलिबागजवळच्या मांडव्याला, साधारण तासाभरात. तिकीट जास्त पडतं, पण आजी-आजोबा असतील तर आम्ही हेच सुचवतो, आणि बोटीवर सीगल बघून पाहुणे तिथेच अर्धे खूश. गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंद असतात, जुलैमध्ये त्यासाठी फोन करू नका.

एक कळकळीची गोष्ट. समुद्र न बघितलेली माणसं पाणी बघितलं की धावतात. ओहोटी लागली की पाणी आत खेचतं, गुडघ्याच्या पुढे कोणी जायचं नाही, आमचा ड्रायव्हर ओरडला तर राग मानू नका, ते आम्हीच त्याला सांगून ठेवलेलं असतं.

तर पाहुण्यांचं रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी आम्हाला एक मेसेज टाका, त्या आठवड्यात कुठला दिवस बरा ते आम्ही फुकट सांगतो, गाडी आमची घ्या नाहीतर नका घेऊ. घेतलीत तर डोकी किती, लहान मुलं किती आणि शाकाहारी किती एवढं आदल्या दिवशी कळवा, खानावळीत तसं सांगून ठेवतो. आणि येताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्याच, पण गाडीच्या आत नको, वर कॅरिअरवर बांधून देऊ.