मुंबईच्या देवी आणि सरकत गेलेलं शहर

नवरात्रात पहाटे महालक्ष्मीच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकाला देऊळ कायमचं तिथेच असल्यासारखं वाटतं. मुंबादेवीच्या गल्लीत खणा-नारळाचं ताट घेऊन वाट काढणाऱ्यालाही तसंच वाटत असणार. मुंबईतली बहुतेक जुनी देवीस्थानं मात्र आज आहेत तिथे मुळात नव्हती, किंवा त्यांच्याभोवतीची जमीनच तेव्हा नव्हती. शहराने आपला आकार बदलला की देवीला जागा बदलावी लागली, आणि देवी गेली तिकडे तिची माणसंही गेली. दर्शनाला जाणाऱ्याने हा प्रवास जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण शहराचा इतिहास आपण बहुधा गव्हर्नरांच्या नावांनी वाचतो आणि त्यात कोळी, पाठारे प्रभू, भंडारी, सोनार ही मंडळी दिसेनाशी होतात. देवळांच्या इतिहासात ती ठळकपणे भेटतात.

मुंबादेवी मूळची कोळ्यांची. सात बेटांवर मासेमारी करणाऱ्या या समाजाची ती ग्रामदेवता, आणि शहराचं नाव तिच्यावरून आलं असंच बहुतेक मानतात. तिची एक कथा सांगतात. मुंबारक नावाच्या दैत्याने बेटावर उच्छाद मांडला, तेव्हा देवांच्या तेजातून अष्टभुजा देवी प्रकटली आणि तिने त्याला नमवलं. शरण आलेल्या दैत्याने आपलं नाव देवीने धारण करावं अशी याचना केली. काही अभ्यासकांना या दैत्यात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुबारकशाह खिलजीच्या स्वारीची आठवण दिसते. ते खरं असेल तर किनाऱ्यावरच्या माणसांनी पराभवाची स्मृती देवीच्या विजयकथेत सांभाळली असं म्हणावं लागेल. ही शक्यता मला पटण्याजोगी वाटते, पण ती शक्यताच आहे.

मुंबादेवीचं जुनं देऊळ बोरीबंदरच्या बाजूला, फाशी तलावाजवळ होतं. म्हणजे आज जिथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गर्दी वाहते, त्या परिसरात. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली, 1661 च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. कंपनीने बंदराच्या बाजूला किल्ला बांधून काढला. अठराव्या शतकात तटबंदी मजबूत करताना, तोफांच्या माऱ्यासाठी समोरची जागा मोकळी हवी म्हणून बाहेरची घरं, वाड्या आणि झाडं हटवण्यात आली. मुंबादेवीचं देऊळही त्यात हललं.

नव्या जागी, आजच्या काळबादेवी-भुलेश्वरच्या भागात, पांडुरंग नावाच्या सोनाराने देऊळ उभारल्याची नोंद आहे. बाजूला तलावही होता, तो पुढे बुजवला गेला. फेब्रुवारी 1803 मध्ये किल्ल्यात मोठी आग लागली, तिच्यानंतर तटासमोरचं मोकळं मैदान आणखी रुंद करण्यात आलं आणि किल्ल्याबाहेरच्या वस्तीला जोर आला. देवी आधीच तिथे होती, बाजार तिच्याभोवती येऊन बसला. झवेरी बाजार, मूळजी जेठा कापड मार्केट, तांबा-पितळेची दुकानं. पेढीवर बसण्याआधी मुंबादेवीला नमस्कार करणारा व्यापारी आणि डोक्यावर पाटी घेऊन येणारी कोळीण हे दोघे एकाच गाभाऱ्यासमोर उभे राहू लागले. देवी कोळ्यांची राहिलीच आणि सगळ्या शहराचीही झाली. ज्या तटासाठी तिला हलवलं, तो तट 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात पाडला गेला. तिचा मूळचा परिसर पुढे रेल्वेने व्यापला.

आज मुंबादेवीच्या दर्शनाला गेलं की पिशव्यांची तपासणी होते, परिसरात पोलीस दिसतात. काही भाविकांना त्याचा त्रास वाटतो. 25 ऑगस्ट 2003 रोजी झवेरी बाजारात देवळाजवळच बॉम्बस्फोट झाला होता आणि 13 जुलै 2011 रोजी त्याच बाजारात पुन्हा झाला, हे लक्षात घेतलं तर त्या तपासणीकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. आत गेल्यावर शेंदरी मुखाची देवी दिसते. वारागणिक तिचं वाहन बदलतं, त्यामुळे नेमाने येणाऱ्यांना आज कोणता वार आहे हे गाभाऱ्यातच कळतं.

काळबादेवी तर ज्या रस्त्याला नाव दिलं त्याच रस्त्यावर उभी आहे. तीही मुळात माहीमची, असं परंपरा सांगते. प्रभादेवीचीही गोष्ट माहीमच्या बाजूची. तेराव्या शतकात बिंब राजाबरोबर आलेल्या मंडळींची ही देवी, परचक्राच्या भीतीने विहिरीत लपवली गेली आणि पुढे स्वप्नात दृष्टान्त देऊन बाहेर आली, अशी कथा आहे. सध्याचं देऊळ 1715 च्या सुमाराचं. पोर्तुगीज अंमल संपून कंपनीचा आल्यावर, व्यापाऱ्यांनी इथे येऊन राहावं म्हणून धर्माच्या बाबतीत मोकळीक मिळाली आणि लपवलेले देव पुन्हा वर निघाले. वाळकेश्वरची पुनर्बांधणीही त्याच काळातली. पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेला, प्रभादेवीची जत्रा सुरू होते. गिरणगावातल्या कित्येक कुटुंबांना ती जत्रा अजून आपल्या घरची वाटते.

महालक्ष्मीचा इतिहास पाण्याशी बांधलेला आहे. वरळी आणि मुंबई या बेटांच्या मध्ये मोठी खाडी होती. भरतीला समुद्र तिच्यातून आत शिरायचा आणि आजची भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा ही सखल जागा पाण्याखाली जायची. पायधुणीला पाय धुऊन पुढे जावं लागे ते याच पाण्यामुळे, आणि ते ठिकाण मुंबादेवीपासून हाकेच्या अंतरावर आहे. 1771 ते 1784 या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीने खाडीचं तोंड बंद करणारा बांध घालायला घेतला. लंडनच्या संचालकांना हा खर्च मान्य नव्हता, तरी काम पुढे रेटलं गेलं आणि हॉर्नबी वेलार्ड उभा राहिला. आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावरून जातो.

बांध घालताना तो पुन्हा पुन्हा खचायचा. कामावर असलेल्या रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, समुद्रात पडलेल्या आमच्या मूर्ती बाहेर काढ, मग तुझं काम तडीला जाईल. परचक्राच्या भीतीने पूर्वी पाण्यात सोडलेल्या महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वतीच्या मूर्ती वरळीजवळ सापडल्या, बांध टिकला आणि टेकडीवर देऊळ झालं. हा दृष्टान्त झाला की नाही हे इतिहासाला विचारून उपयोग नाही. कथेचं मोल मला दुसऱ्या कारणासाठी वाटतं. कंपनीच्या दप्तरात बांध हॉर्नबीचा आहे, पण ज्यांनी दगड-माती वाहिली, ज्यांच्या डोळ्यांदेखत केलेलं काम लाटांनी ओढून नेलं, त्यांच्या स्मरणात त्याचं श्रेय देवीला आणि आपल्यातल्या एका माणसाला मिळालं. आज आपण जे देऊळ पाहतो ते 1831 मध्ये धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने बांधलं. शेजारचं धाकलेश्वराचं देऊळही त्यांचंच.

देवळाच्या मागच्या भिंतीला नाणं चिकटवून पाहण्याची प्रथा अजून चालू आहे. नाणं टिकलं तर मनातली इच्छा पुरी होईल, अशी श्रद्धा. मूर्तींवर एरवी सोन्याचे मुखवटे असतात, त्यामुळे मूळ रूप पाहायचं तर रात्री उशिरा मुखवटे उतरतात त्या थोड्या वेळासाठी थांबावं लागतं. नवरात्रात बायका ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून येतात. या रंगांना पुराणाचा आधार शोधणाऱ्यांनी शोधू नये, ती प्रथा दोनेक दशकांपूर्वी मराठी वर्तमानपत्रातून पसरली आहे. तरीही एका रंगात न्हालेली ती रांग पाहून मला आनंदच होतो. नोकरीवर जाता जाता दर्शन घेणाऱ्या बायकांनी ती प्रथा आपली करून घेतली आहे.

माहीमच्या शीतलादेवीकडे लोक वेगळ्या कारणाने जात. शीतला ही देवी आजाराची, पुरळ आणि तापाची. तिच्याच आवारात खोकलादेवी आहे, खोकल्याने हैराण झालेल्या लेकरासाठी नवस बोलण्याची जागा. साथीच्या रोगांची देवी जरीमरी, तिची देवळं शहरात अनेक, आणि कुर्ल्याला तर तिच्या नावाची वस्तीच आहे. दाट वस्ती, साचलेलं पाणी आणि बंदरातून येणारे रोग यांनी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेली. 1896 चा प्लेग मांडवीत दिसला आणि लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले. देवीच्या रोगावर भारतातली पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईतच ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि 1980 मध्ये तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवी मात्र गेली नाही. आया अजून गोवर-कांजिण्या उतरल्यावर बाळाला घेऊन तिथे जातात आणि त्याच बाळाला दवाखान्यात लसही टोचून आणतात. या दोन गोष्टींत त्यांना कधी भांडण दिसलं नाही, आणि मलाही दिसत नाही.

शहर अजून सरकतंच आहे. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर काळबादेवी, महालक्ष्मी आणि शीतलादेवी अशी स्थानकं आहेत. शहराच्या या जुन्या देवींची नावं आता स्थानकांच्या पाट्यांवर आहेत. 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग महालक्ष्मीच्या देवळाच्या पाठीमागून जातो. त्यासाठी तिथला समुद्र पुन्हा भराव घालून मागे ढकलला. वेलार्डच्या वेळी जे झालं त्याचीच ही पुढची पायरी म्हणता येईल.

या सगळ्यात वरळी कोळीवाड्याची गोलफादेवी मला सगळ्यांत जवळची वाटते. गोलफादेवी, साकबा आणि हरबा अशी तिथली दैवतं. लग्न ठरवायचं, होडी पाण्यात घालायची, घरात काही मोठं करायचं तर आधी देवीला कौल लावायचा, ही रीत कोळीवाड्याने सांभाळली आहे. देऊळ टेकाडावर, खाली होड्या, समोर सागरी सेतू. सागरी किनारा मार्गाचे खांब कोळीवाड्याच्या होड्या लागतात त्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी येणार म्हटल्यावर याच कोळ्यांनी काम अडवलं. खांबांमधलं 60 मीटरचं अंतर होड्यांना, विशेषतः खवळलेल्या समुद्रात, पुरणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांनी 160 मीटर मागितलं होतं. 2022 च्या अखेरीस सरकारने 120 मीटर मान्य केलं. बोरीबंदरचं देऊळ हलवताना मुंबादेवीच्या कोळ्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. या वेळी निदान त्यांच्याशी बोलणी झाली आणि पुलाचा आराखडा बदलला.