अन्नाच्या मागणीची लवचिकता आणि कालावधी

भाव एक टक्का वाढला तर मागणी किती टक्क्यांनी हलते, हे सांगणारा आकडा म्हणजे मागणीची किंमत-लवचिकता. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये ही कल्पना अर्थशास्त्रात रुजवली. हा बदल आठवड्यात मोजला, महिन्यात की वर्षात, हे सांगितल्याशिवाय आकडा अर्धवटच राहतो. दीर्घकालीन लवचिकता अल्पकालीन लवचिकतेपेक्षा जास्त, असे क्रमिक पुस्तकांत शिकवतात. कांद्याबाबत ते बहुतेक खरे ठरते, पण साठवणीच्या मालाच्या खरेदीबाबत उलटेही होते.

सोलापुरातल्या 100 घरांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. ही घरे मिळून महिन्याला गोडेतेलाचे 30 डबे घेतात. एका महिन्यापुरता डबा 10 टक्के स्वस्त झाला आणि 45 डबे खपले. खरेदी 50 टक्के वाढली, म्हणजे लवचिकता उणे 5. पुढच्या दोन महिन्यांत 22 आणि 23 डबेच गेले. तिमाहीची बेरीज 90, नेहमीइतकीच. लोकांनी तेल जास्त खाल्ले नाही, डबा आधी आणून ठेवला. उणे 5 हा बेगमीचा आकडा आहे, भुकेचा नव्हे. आठवड्याच्या मजुरीवर पाव-अर्धा किलो तेल आणणाऱ्या यंत्रमाग किंवा विडी कामगाराच्या घरात अशी बेगमी परवडत नाही, म्हणून दोन्ही प्रकारची घरे एकाच सरासरीत घालू नयेत.

ज्वारीत हाच घोटाळा वेगळ्या रूपात दिसतो. मंगळवेढा-मोहोळ भागातली रब्बी मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि अनेक घरे तेव्हाच वर्षाची पोती भरून ठेवतात. ऑक्टोबरमध्ये भाव चढला तरी त्यांची खरेदी शून्यच. त्यावरून ‘भाकरीच्या मागणीवर भावाचा परिणाम नाही’ असे म्हणणे चुकीचे. ते घर त्या महिन्यात बाजारात आलेलेच नसते. यासाठी खरेदी, शिल्लक साठा आणि खाल्लेले धान्य यांची नोंद वेगळी ठेवावी लागते. भाव वाढल्यावर मालदांडी सोडून स्वस्त हायब्रीड ज्वारी घेणारे घर किलो तेवढेच खाते, खर्च मात्र कमी करते. नुसत्या खर्चाच्या आकड्यांवरून काढलेली लवचिकता इथे हमखास फसते.

कांद्याचे तसे नाही. भाव दुप्पट झाला तरी पहिल्या आठवड्यात फोडणीला कांदा लागतोच. हळूहळू दोनाचा एक होतो, आणि हॉटेलवाले मिसळीबरोबर कांद्याच्या जागी कोबी ठेवू लागतात. हे सावकाश बदलणे मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ मार्क नर्लोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे आंशिक समायोजनाचे प्रतिमान वापरतात. त्यात या महिन्याच्या खपाचे स्पष्टीकरण भाव आणि मागच्या महिन्याचा खप यांवरून देतात. भावाचा गुणांक उणे 0.3 आणि मागील खपाचा 0.6 आला, तर दीर्घकालीन लवचिकता 0.3 भागिले 0.4 (1 वजा 0.6), म्हणजे उणे 0.75, नव्वद टक्के जुळवून घ्यायला सुमारे साडेचार महिने. मागील खपाचा गुणांक 0.6 ऐवजी 0.8 आला, की तोच आकडा उणे 1.5 होतो. खपावर परिणाम करणारे एखादे टिकाऊ कारण प्रतिमानातून सुटले, तर त्याचे श्रेय सवयीला जाते आणि हा गुणांक असाच फुगतो. म्हणून दीर्घकालीन आकडा एकटा कधी देऊ नये, गुणांकातली अनिश्चितताही सोबत द्यावी.

कॅलेंडरही दगा देते. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, अनेक घरांत कांदा बंद असतो. तेव्हा मागणी घटल्यामुळे भाव उतरला, तर भाबड्या गणितात ‘स्वस्त झाला म्हणून खप कमी झाला’ असे उलटे चिन्ह येते. ऑगस्टसाठी वेगळा चलक (त्या महिन्याचा परिणाम वेगळा मोजणारा आकडा) घालून हे सुटत नाही, कारण तिथी सरकतात: अधिक मासामुळे 2023 मध्ये निज श्रावण 17 ऑगस्टला लागला, 2024 मध्ये श्रावण 5 ऑगस्टला. उपाय म्हणजे मागणीशी संबंध नसलेल्या कारणाने हललेला भाव शोधणे, उदाहरणार्थ पावसाने चाळीत साठवलेला कांदा सडून घटलेली आवक.

आकड्यांची मालिका बरीच लांबवली तर निराळीच अडचण येते. जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षा योजनेतले गहू-तांदूळ मोफत झाले. त्याआधीची आणि नंतरची ज्वारीची मागणी एकाच रेषेत बसवली, तर रेशनमुळे झालेला बदल ज्वारीच्या भावाच्या नावावर जमा होतो.