सावलीत वाढलेला चहा: माचा

जपानमध्ये क्योतोच्या दक्षिणेला असलेल्या उजी परिसरात एप्रिल महिन्यात चहाचे अनेक मळे आच्छादनाखाली झाकले जातात. झुडपांना कोवळी पालवी फुटू लागली की मळ्यावर मांडव घालायचा आणि त्यावर गवती काड्यांच्या चटया व भाताचा पेंढा पसरायचा, ही तिथली जुनी पद्धत होय. आता बहुतेक ठिकाणी काळे जाळीदार कापड वापरतात. तोडणीपूर्वीचे तीन-चार आठवडे झुडूप असे झाकलेले असते आणि शेवटच्या टप्प्यात तर ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश अडवला जातो. माचा या हिरव्या चहापुडीची चव, तिचा रंग आणि तिचे बरेचसे गुण याच काळात ठरतात.

चहाच्या मुळांमध्ये थिॲनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते आणि ते पानांत चढते. पानांवर भरपूर ऊन पडले, तर थिॲनिनचे विघटन होते आणि त्यातील काही अंश चहाला तुरटपणा देणाऱ्या कॅटेचिन या संयुगांच्या निर्मितीत वापरला जातो. सावलीत ही क्रिया मंदावते. त्यामुळे थिॲनिन टिकून राहते आणि चहाला मटणाच्या किंवा डाळीच्या कटासारखी भरदार, किंचित गोडसर चव येते. शिवाय मिळेल तेवढा प्रकाश टिपण्यासाठी पान अधिक हरितद्रव्य बनवते, म्हणून पुडीचा रंग इतका गडद हिरवा असतो.

तोडलेली पाने त्याच दिवशी काही सेकंद वाफवतात, कारण पान काळे पाडणारी विकरे (एन्झाइम) उष्णतेने निकामी होतात. इतर हिरव्या चहांप्रमाणे ही पाने वळत नाहीत. ती सपाट ठेवूनच वाळवतात, त्यांच्या शिरा व देठ काढून टाकतात आणि उरलेला 'तेन्चा' ग्रॅनाइटच्या जात्यात दळतात. जाते जोरात फिरवले तर घर्षणाने पीठ तापते आणि सुगंध उडतो, म्हणून ते अत्यंत सावकाश फिरवावे लागते. एका जात्यातून तासाभरात साधारण ४० ग्रॅम पूड निघते. जात्यावर दळलेल्या पिठाची चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या संथपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

चहाची पूड पाण्यात घुसळून पिण्याची रीत मुळात सोंग राजघराण्याच्या काळातल्या चीनमधली. एइसाई हे बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना झेन पंथाच्या शिकवणुकीबरोबर चहाचे बी घेऊन आले, असे मानले जाते, आणि १२११ साली त्यांनी चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथही लिहिला. पुढे चीनमध्ये ही रीत मागे पडली. जपानने मात्र ती जपली. सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यू यांनी चहापानाच्या विधीला साधेपणाचे जे वळण दिले, ते आजही कायम आहे.

पारंपरिक कृतीत प्रथम वाडगा गरम पाण्याने विसळून कोरडा पुसतात. त्यात बांबूच्या वाकड्या चमच्याने सुमारे २ ग्रॅम चाळलेली पूड घालतात. चाळणे टाळू नये, कारण इतकी बारीक पूड पटकन गुठळ्या धरते. त्यावर सुमारे ८० अंश सेल्सिअसचे ७० मिलिलिटर पाणी ओततात. उकळते पाणी घातले तर कडवटपणा वाढतो. मग 'चासेन' नावाची रवी मनगट सैल ठेवून पुढे-मागे झरझर चालवतात. आपली रवी दोन तळहातांत फिरते, ही मात्र तशी फिरवायची नसते. बांबूच्या एकाच तुकड्याला चिरून तिचे शंभराच्या आसपास नाजूक दात काढलेले असतात. काही क्षणांत चहावर बारीक फेस येतो. हा झाला पातळ चहा, 'उसुचा'. दुप्पट पूड आणि निम्मे पाणी घेऊन हळूहळू घोटलेला दाट चहा म्हणजे 'कोइचा'.

माचाच्या आरोग्यगुणांविषयी बोलताना एक गोष्ट नेहमी निसटते. ज्या कॅटेचिनसाठी त्याची इतकी स्तुती होते, ती सावलीमुळे पानात उलट कमी होतात. माचाचा खरा लाभ असा, की इथे पान गाळून फेकले जात नाही, पोटात जाते. त्यामुळे पाण्यात न विरघळणारे तंतू, कॅरोटीन आणि के जीवनसत्त्वही मिळते. हिरव्या चहाने एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल थोडे उतरते, असे चाचण्यांत दिसले आहे. वजनावरचा परिणाम मात्र नगण्यच आहे. थिॲनिन आणि कॅफीन एकत्र घेतल्यास एकाग्रता वाढते, असे काही प्रयोग सांगतात, पण त्यांत वापरलेले थिॲनिन बहुधा एका वाडग्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

एका वाडग्यातून साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन मिळते, म्हणून रात्री तो टाळलेला बरा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन हे औषध घेणाऱ्यांनी, रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या के जीवनसत्त्वामुळे, आधी डॉक्टरांना विचारावे. चहातील कॅटेचिन वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण रोखतात. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय फार आढळतो, तेव्हा माचा जेवणासोबत न घेता जेवणानंतर तासाभराने घ्यावा. डबा उघडल्यावर तो हवाबंद करून थंड जागी ठेवावा आणि महिना-दीड महिन्यात संपवावा, कारण प्रकाश आणि हवा लागली की सावलीने दिलेला तो हिरवा रंग लवकरच पिवळट पडतो.