आरोग्याची माहिती आणि संमतीचा प्रश्न : पुण्याच्या प्लेगपासून ‘आभा’ क्रमांकापर्यंत

आरोग्यविषयक ॲपबद्दल लोकांच्या मनात जो संशय आहे, त्याचा उगम केवळ मोबाइलमध्ये शोधला तर तो अर्धाच सापडेल. आपल्याकडे आजार ही फारशी लपवण्याची गोष्ट नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही आपली साखर किती वाढली आहे, हे मोकळेपणाने सांगितले जाते. क्षय, एचआयव्ही, वंध्यत्व किंवा मानसिक आजार यांचा विषय निघाला, की मात्र आवाज खाली येतो. कोणाला काय सांगायचे, हे रोगी आणि त्याच्या घरचे ठरवतात, आणि ते ठरवणे हातातून गेले, की खरी अस्वस्थता सुरू होते.

पुण्याने हा अनुभव १८९७ मध्ये घेतला. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघड झाल्यावर सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या अधिकाराखालील सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. रोगी वेळीच वेगळा करणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नव्हते. परंतु देवघरापर्यंत पोहोचलेल्या त्या झडतीमुळे लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला आणि गृहविलगीकरणातील लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. त्यानंतर २ एप्रिलला ‘आरोग्य सेतू’ आले. ब्लूटूथ आणि ठावठिकाणा यांच्या आधारे संपर्क शोधणारे हे ॲप आरंभी ऐच्छिक होते, पण १ मेच्या आदेशाने सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांना ते बंधनकारक झाले. ही सक्ती बेकायदा असल्याचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी जाहीरपणे सांगितले. १७ मेच्या आदेशात भाषा मवाळ झाली, आणि २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे ॲपची मूळ आज्ञावली, सर्वांना पाहण्यासाठी खुला करण्यात आला. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा होता : आधी पारदर्शकता, मग आवाहन.

पुढे आरोग्याच्या नोंदी डिजिटल स्वरूपात जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाचा देशभर विस्तार २०२१ मध्ये झाला. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, म्हणजे व्यक्तीच्या आरोग्य खात्याचा क्रमांक, ऐच्छिक आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय नोंदी दुसरीकडे जाणार नाहीत, अशी त्याची रचना आहे. तरीही लसीकरणासाठी आधार दाखवलेल्या अनेकांना असा क्रमांक आपल्या नावे तयार झाल्याचे प्रमाणपत्र पाहूनच कळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील बाह्यरुग्ण नोंदणी कित्येक दिवस हाताने, कागदावर करावी लागली.

कायद्याची वाटचाल यापेक्षाही चिंताजनक आहे. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. याच न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१८ च्या कायद्याच्या मसुद्याने आरोग्याच्या माहितीला ‘संवेदनशील’ ठरवून वेगळे संरक्षण देऊ केले होते. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हा वेगळा वर्ग उरला नाही. म्हणजे एखाद्याचा एचआयव्ही चाचणीचा अहवाल आणि त्याचा मोबाइल क्रमांक हे दोन्ही त्या कायद्याच्या लेखी सारखीच ‘वैयक्तिक माहिती’ आहेत.